चपलेच्या चाकांचा बैल

रोवणी आटोपली की आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या बायांच्या पाठीला थोडी उसंत मिळते. आषाढ-श्रावण चिखलात उभे राहून, वाकून वाकून पऱ्हे लावण्यात गेलेला असतो. आता बांध्या पाण्याने भरलेल्या असतात आणि धान हिरवेगार झालेले असते. नेमक्या याच वेळी श्रावणाच्या अमावस्येला पोळा येतो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी येतो पोरांचा तान्हा पोळा.

मोठ्यांच्या सणाला नेम फार, मान-पान फार. तान्ह्या पोळ्याला यातले काहीच लागत नाही. लाकडाचा नाही तर मातीचा एक बैल, खाली चार चाके, पुढे दोरी आणि दोरीला धरून पोरगं. ते बैल ओढत दारोदार जाते, घरातली बाई हातातले काम टाकून बाहेर येते, बैलाचे कौतुक करते आणि बोजारा म्हणून पोराच्या हातावर पाच-दहा रुपये नाही तर मूठभर फुटाणे ठेवते. झाला सण! गोंदिया असो, तिरोडा असो की अर्जुनी-मोरगाव, पोरांना वर्षभर ज्याची वाट बघावीशी वाटते असा हा दिवस आहे.

तरी पोळा जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. हा आपला सण आहे काय? विहारात बसणारी जुनी माणसे म्हणतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपण बाबासाहेबांसोबत बावीस प्रतिज्ञा घेतल्या, ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव मानणार नाही म्हणून शब्द दिला. मग महादेवाचा नंदी आपल्या दारात कशाला? तरुण आई-बाप म्हणतात, सगळ्या मोहल्ल्यातली पोरं बैल घेऊन निघतात, शाळेत अन् अंगणवाडीतसुद्धा तान्हा पोळा भरतो, मग आमच्याच पोराने दारात उभे राहून नुसते बघायचे काय? दोन्ही बाजूंचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. विशेषतः जुन्या माणसांचे म्हणणे समजून घ्यायचे असेल तर बैलाचा आणि आपला संबंध काय होता हे आठवावे लागेल.

पूर्वी पोळ्याच्या दिवशी गावच्या आखरावर बैलजोड्या उभ्या राहत त्या मानाप्रमाणे. पाटलाची जोडी पुढे, मग बाकीच्या मोठ्या कास्तकारांच्या, मग लहान-सहानांच्या. आपल्या माणसाजवळ शेतीच नसे, तर जोडी कुठून येणार? तो सालदार म्हणून दुसऱ्याचे बैल नदीवर धुऊन आणी, त्यांच्या शिंगांना रंग लावी, अंगावर झूल टाकी आणि कासरा धरून मालकाच्या मागे उभा राही. बैल सजे, सालदार तसाच. आणि तोच बैल मेला की ओढून नेण्याचे काम मात्र हक्काने आपल्याकडे. जिवंत बैल पाटलाचा आणि मेलेला बैल महाराचा, असा हा गावगाड्याचा हिशेब होता! मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडा म्हणून सांगितले, ते या हिशेबावर घाव घालण्यासाठीच. ज्यांच्या आजा-पणजांनी ही कामे केली त्यांना पोळ्याच्या वाजंत्रीत आनंद वाटला नाही, तर त्यात नवल नाही.

पण माझे म्हणणे असे आहे की बैल वेगळा आणि नंदी वेगळा. नंदीची पूजा आपण करत नाही, करायचेही कारण नाही. बैल हा मात्र कष्टकऱ्याचा जोडीदार आहे. आणि नांगराचा सण तर आपल्याला मुळीच परका नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ज्यांच्या घरी वाचला जातो त्यांना शाक्यांचा वप्रमंगल सण आठवत असेल. त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतःच्या हाताने नांगर धरायचा असा रिवाज होता आणि राजपुत्र असूनही सिद्धार्थ नांगर धरत असे. अंगमेहनतीची त्याला लाज नव्हती, असे बाबासाहेबांनी तिथे मुद्दाम लिहिले आहे. त्याच पुस्तकात, रणरणत्या उन्हात अपुऱ्या कपड्यांनिशी राबणारे मजूर पाहून सिद्धार्थाला प्रश्न पडतो, की राबणाऱ्याने राबावे आणि मालकाने त्याच्या कष्टावर जगावे हे कुठल्या न्यायाचे? शेतीच्या सणाकडे कोणत्या डोळ्यांनी बघावे हे याहून सोपे करून कोण सांगणार!

आता तान्ह्या पोळ्याकडे येऊ. नागपूरचे दुसरे रघुजीराजे भोसले यांनी १८०६ च्या सुमारास लहान मुलांसाठी हा सण सुरू केला असे नागपूरकडे सांगतात. राजवाड्यात सुरू झाला असेलही. पण त्याला खरी जागा मिळाली ती मजुराच्या अंगणात. कारण उघड आहे. मोठ्या पोळ्याला जोडी लागते, जोडीला शेती लागते, शेतीला सातबारा लागतो. तान्ह्या पोळ्याला यातले काही लागत नाही. ज्याच्या बापाच्या नावावर हातभर जमीन नाही त्या पोराच्याही हातात त्या दिवशी कासरा असतो, आणि पाटलाचा नातू आणि सालदाराचा नातू एकाच ओळीत उभे राहतात. आमच्या घरी तर तीन पिढ्यांत शिंगे असलेला जो एकमेव बैल आला तो लाकडाच्या ढलपीचा होता. त्याला वडिलांनी तुटक्या स्लिपरच्या रबराची चाके लावली होती. तो बैल थोडा डावीकडे ओढायचा, त्यामुळे सरळ रस्त्याने चाललो तरी आम्ही शेवटी नालीत पोहोचायचो. पण बैल घरचा होता!

तान्ह्या पोळ्याची ही बरोबरी अलीकडे मोडत चालली आहे आणि खरी काळजी मला त्याचीच वाटते. बाजारात आता कोरीव कामाचे, पितळी घुंगरांचे, मखमली झुलीचे बैल येतात. काहींची किंमत मजुराच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीएवढी असते. चौकाचौकांत सजावटीच्या स्पर्धा भरतात आणि बहुतेक ठिकाणी बक्षीस मिळते ते सर्वांत महागड्या बैलाला. म्हणजे मानाची जोडी पुन्हा पुढे आली, फक्त पाटलाच्या जागी पैसेवाला आला. विड्या वळणारी, भाताच्या गिरणीत पोती वाहणारी आई-बाप मंडळी पोराचा हट्ट पुरवायला उसने पैसे काढतात. मायबहिणींनो, तान्ह्या पोळ्यासाठी कर्ज काढणे म्हणजे बैलाने आपल्याला ओढायच्या ऐवजी आपणच बैल ओढत बसण्यासारखे आहे!

म्हणून या वर्षी बैल घरीच करावा. यात कमीपणा काही नाही. आपल्या सालेकसा-देवरीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडमध्ये याच अमावस्येला 'पोरा' असतो. तिथे पोरे मातीच्या चाकांचा मातीचा बैल ओढतात. तिथल्या एका गोष्टीवर मात्र माझी तक्रार आहे. मुलांच्या हातात बैल देतात आणि मुलींच्या हातात मातीची चूल, जाते आणि भांडी. आपल्याकडेही फार वेगळे नव्हते. मुली दारात उभ्या राहून भावाचा बैल बघायच्या. अहो, रोवणी कोण करते? निंदण कोण काढते? धान कापते कोण? मग एक दिवस दोरी मुलीच्या हातात दिली तर बैल काय नाही म्हणणार आहे?

मातीचा बैल करायचा तर पोळ्याच्या आठ दिवस आधी हात लावावा, कारण हे दिवस पावसाचे आणि माती वाळता वाळत नाही. बांधीतली चिकट माती घ्यावी, खडे काढावेत आणि तिच्यात धानाचे तणस बारीक तोडून मळावे, म्हणजे वाळताना तडे कमी जातात. सावलीत वाळवावा, चुलीजवळ ठेवला तरी चालेल, पण अगदी आचेला नको. चाकाच्या काड्या मातीच्या पायांतून घालू नयेत, पहिल्याच दगडावर पाय मोडतो. त्यापेक्षा बैल एका लहान फळीवर बसवावा आणि चाके फळीला लावावीत. चाकांसाठी जुनी स्लिपर उत्तम. वाटी ठेवून गोल आखावा आणि मोठ्या माणसाने कापून द्यावा, पोराच्या हातात सुरी देऊ नये. ज्याला माती नको त्याने पुठ्ठ्याच्या खोक्याचा करावा, नाही तर तणसाचा मुटका सुतळीने आवळून करावा. तणसाचा बैल दिसतो थोडा शेळीसारखा, पण फुटत नाही.

सजावटीला तर आपल्या घरांत काय कमी आहे! विडीच्या पानांचे कात्रण उरते, त्याच्या माळा करा. विडीचा रंगीत धागा शिंगांना गुंडाळा. जुन्या लुगड्याच्या काठाची झूल, चुना आणि गेरूचे ठिपके, चिंचोक्यांचे डोळे, सुतळीची शेपटी, पळसाच्या पानांचे छत्र. शिवाय प्रत्येक बैलाच्या गळ्यात पुठ्ठ्याची एक पाटी असावी आणि तिच्यावर पोराने स्वतःच्या अक्षरात हसवणारे काहीतरी लिहावे. 'मला डिझेल लागत नाही.' 'हा बैल कर्जावर घेतलेला नाही.' 'शिंगे नवीन आहेत, हात लावू नये.' पोराला लिहायची गोडी लागावी म्हणून यापेक्षा सोपा उपाय मला तरी ठाऊक नाही. दुसरीतले पोरगेही बैलाच्या पाटीसाठी जोडाक्षर शिकून घेते.

हसवण्याचा विषय निघाला म्हणजे झडत्या आल्याच. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या की आपल्या विदर्भात यमक जुळवून खड्या आवाजात टोमणे मारतात, त्यांना झडत्या म्हणतात. पाटलाच्या कंजूषपणापासून सरकारच्या भावापर्यंत कोणालाही त्यात सोडत नाहीत. एरवी ज्याच्यापुढे मान वर करता येत नाही त्याला त्या दिवशी चारचौघांत बोलून घेता येते, आणि त्यालाही हसावेच लागते. शेवटी महादेवाचा जयघोष असतो. तो आपल्या पोरांनी करण्याचे कारण नाही, 'जय भीम'ने झडती काय कमी जोरात संपते? विनोदाने लोकांना जागे करण्याची परंपरा आपलीही आहे. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगाव नेले तेव्हा माणसे आधी हसली आणि हसता हसता त्यांना आपली स्थिती कळली. पोरांना तयार झडत्या पाठ करायला देऊ नयेत. त्यांना घरातच बसवून नवीन करायला लावाव्यात. मी आपली नमुन्यादाखल एक जुळवून बघितली :

पेन पायजे, दप्तर पायजे, मोबाइल पायजे पोट्ट्याले,
बाप म्हणे, आधी पाडे म्हण, मंग जाय तू पोळ्याले!

आणि दुसरी खास रोवणीवाल्या बायांसाठी :

बैल नांगरे सकाळी, माय रोवे दिसरात,
बैलाले पुरणपोळी, मायले शिळा भात!

दुसऱ्या झडतीवर घरातल्या पुरुषांनी मोकळेपणाने हसून दाखवावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

त्यावरून आणखी एक सुचते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. जू वाहून सुजलेल्या खांद्यांना हळद आणि तूप लावून शेक देतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. चालत आलेल्या रिवाजांत मला हा सर्वांत आवडतो, कारण त्यात देव नाही, नुसती कृतज्ञता आहे. पण महिना-दीड महिना वाकून वाकून जिची कंबर गेली तिच्या पाठीला शेक कोण देतो? त्या संध्याकाळी लेकरांनी तेल कोमट करून आईची, आजीची पाठ चोळावी. नवऱ्याने म्हणावे, उद्याच्या जेवणाचे तुला आवतण आहे. आणि मग दुसऱ्या दिवशी खरोखर स्वयंपाक करावा! पोळी फाटेल, पुरण बाहेर येईल, वरणाला फोडणी जळेल. जळू द्या. घर आठवडाभर हसेल. याला पैसा लागत नाही, फक्त पुरुषाची तयारी लागते, आणि आपल्याकडे तीच वस्तू थोडी महाग आहे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पहाटे आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रकार चालतो, नारबोद. नागपूरकडे त्याला मारबत म्हणतात. तणसाची, चिंध्यांची एक बाई करायची, खोकला-ताप-खरूज सगळे घेऊन जा म्हणून ओरडत तिला गावाच्या शिवेबाहेर न्यायचे आणि जाळायचे. नागपूरची काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगतात, आणि ती बघायला आपल्याकडूनही कितीतरी लोक हावडा लाइनच्या गाडीने जातात. तिथे मारबतीसोबत बडगे निघतात. कामट्या, तणस, कागद आणि जुने कपडे यांचे हे पुतळे, त्यांच्या गळ्यात पाट्या. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, पुढाऱ्याचा बडग्या. ज्याच्या हातात काही नाही त्याने वर बसलेल्याची काढलेली ही टिंगल आहे, आणि बडग्यापुरता मला हा प्रकार पसंत आहे.

मारबतीबद्दल मात्र दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. काळी मारबत ही भोसल्यांच्या घरातल्या बाकाबाईची, ती इंग्रजांना सामील झाली म्हणून, असे सांगतात. राज्य बुडवायला कितीतरी पुरुष सामील होते; पुतळा निघाला तो मात्र एका बाईचा. आपल्या गावच्या नारबोदीचेही तेच. गावात रोगराई आली की तिचा दोष एका बाईच्या आकाराच्या पुतळ्यावर टाकायचा आणि तिला शिव्या देत जाळायचे. नुसती गंमत म्हणून हे सोडून देता आले असते. पण पूर्व विदर्भात पोर आजारी पडले, ढोर मेले म्हणून एखाद्या एकट्या बाईवर करणी केल्याचा आळ घेतात, तिला मारतात, गावाबाहेर काढतात, हे आपण ऐकत आलो आहोत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. कायदा असूनही माणसाच्या मनातून ही गोष्ट जायला वेळ लागतो. पहाटे बाईचा पुतळा शिवेबाहेर नेताना जे लेकरू टाळ्या वाजवते त्याच्या मनात काय बसते, याचा विचार आपल्या घरांनी तरी केला पाहिजे.

मग काय, पोरांना घरात कोंडून ठेवायचे? मुळीच नाही. पोरांना बडग्या करू द्या, पण डासाचा! आपला जिल्हा जंगलाचा, तलावांचा आणि धानाच्या पाण्याचा. हिवताप आपल्याला नवीन नाही आणि आता डेंग्यूही आला आहे. लांब सोंडेचा, कागदी पंखांचा, पोट फुगलेला डास करा, त्याच्या गळ्यात पाटी घाला आणि वाजतगाजत वस्तीभर फिरवा. त्याच फेरीत पोरांनी प्रत्येक घरी थांबून रांजण, टाके, कूलर, फुटके टायर, अंगणातल्या करवंट्या यांत साचलेले पाणी ओतायला लावावे. डेंग्यूचा डास अशाच पाण्यात साधारण आठ-दहा दिवसांत तयार होतो. आठवड्यातून एकदा भांडी कोरडी केली की त्याची पुढची पिढी तिथेच संपते. तणसाचा पुतळा जाळून डास जात नाहीत. पण पुतळ्यामागे निघालेल्या वीस पोरांनी चाळीस रांजण पालथे केले तर नक्की कमी होतात. बडग्याला दारूची बाटली करता येईल, सट्टापट्टीची चिठ्ठी करता येईल, हुंड्याची मोटारसायकल करता येईल. मात्र वस्तीतल्या कोणा माणसाचा करू नये. लंगडा चालणारा, तोतरे बोलणारा, नवऱ्याने टाकलेली बाई, काळ्या रंगाची पोरगी यांच्यावर काढलेल्या विनोदाला विनोद म्हणत नाहीत. हे आपल्याला शिकवायची गरज पडू नये. आपल्यावर असे विनोद पिढ्यान्‌पिढ्या झाले आहेत.

दारूच्या बडग्यावरून आठवले. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. कराच्या दिवशी मटणाच्या दुकानांपुढे रांगा, झाडाखाली पत्त्यांचे डाव आणि मोहफुलाच्या बाटल्या. मटणाला माझी हरकत नाही, बाकी दोन गोष्टींना आहे. पोराचा बैल दुपारी निघायचा असतो आणि बापाचा पत्ता नसतो. बोजाऱ्याचे दोन-तीनशे रुपये जमवून पोरगं घरी येते आणि संध्याकाळी तेच पैसे बाप उसने मागतो, हे आपल्या वस्त्यांत घडत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून म्हणावे! बैलाला दिवसभर सजवतात, मिरवतात, पण संध्याकाळी बैल आपल्या पायांनी सरळ घरी येतो. मालकालाच दोघांनी धरून आणावे लागते. पंचशील रोज म्हणणाऱ्या घरात निदान पोरांच्या या एका दिवशी पाचवे शील पाळले जावे, एवढे मागणे फार नाही. पोरांचा बोजारा आईजवळ ठेवावा आणि त्यातून काय घ्यायचे ते पोरानेच ठरवावे.

विहाराच्या अंगणात वस्तीचा तान्हा पोळा भरवायचा असेल तर महिला मंडळाने आधीच सांगून टाकावे की विकतच्या बैलाला ओळीत जागा आहे, बक्षीस मात्र घरी केलेल्यालाच. बक्षिसाला ढाल-चषक नकोत, वही आणि पेन पुरे, आणि ते आलेल्या प्रत्येक पोराला सारखे. वर एखादे खास बक्षीस ठेवायचेच असेल तर ते सर्वांत जास्त हसवणाऱ्या बैलाला द्यावे. परीक्षक म्हणून नगरसेवक किंवा सरपंच बोलावले की भाषण होते आणि तेवढ्यात पाऊस येतो. त्यापेक्षा वस्तीतल्या चार म्हाताऱ्या रोवणीवाल्या बाया खुर्च्यांवर बसवाव्यात. बैल कसा असतो हे त्यांच्याइतके कोणाला माहीत, आणि त्या कोणाची भीड ठेवत नाहीत. एखाद्या पोराने बैलाऐवजी पुठ्ठ्याचा ट्रॅक्टर आणला तर त्यालाही ओळीत घ्यावे. आता चिखलणी बऱ्याच ठिकाणी तोच करतो. फक्त त्याला हंबरता आले पाहिजे, अशी अट घालावी.

पाहुणचाराला मुरमुरे, फुटाणे आणि गुळाचा खडा भरपूर झाला. फार तर कोणी भजी तळावीत. आणि वस्तीतल्या ज्या घरी लहान पोर नाही, एकटी म्हातारी राहते, त्या दारात बैल आधी न्यावा. तिने दिलेला रुपया घ्यावा, नको म्हणू नये, तिला वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी मातीचा बैल बांधीच्या धुऱ्यावर नेऊन ठेवावा. चार पावसांत तो विरघळतो आणि माती मातीला मिळते. तणसाचा घरच्या गाईने खाल्ला तरी हरकत नाही, फक्त आधी सुतळी आणि चिंचोके काढून घ्यावेत. चाके मात्र धुऊन, दोरीत ओवून छपराच्या आड्याला टांगून ठेवावीत. पुढच्या वर्षी लागतात, आणि स्लिपर काही दरवर्षी तुटत नाही.